काचेची खोली, ऊन आणि परवाना



या हिवाळी व्याख्यानमालेसाठी मला दिलेला विषय असा : काचेची बैठक स्वस्तात आणि नियमात राहून उबदार कशी ठेवावी? दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये उबेवर बोलणं म्हणजे आषाढात कोकणात पाणी विकायला बसणं. पण हसून सोडून देण्यासारखा प्रश्न नाही. जानेवारीत इथे पहाटेचा पारा चौदा-पंधरापर्यंत उतरतो. शिवाय आपण समुद्रापासून आत, वाळवंटाच्या बाजूला राहतो, त्यामुळे किनाऱ्यापेक्षा इथली पहाट जरा अधिकच गार. काचेने बंद केलेल्या बाल्कनीत तेव्हा चहा प्यायला शाल लागते. आणि मे महिन्यात त्याच बाल्कनीत संध्याकाळी पाच वाजता पाऊल ठेववत नाही. खोली एकच, तिचे आजार दोन.

काचेची खोली गरम ठेवण्याचा हट्ट मुळात थंड देशांतला. इंग्लंडमध्ये चॅट्सवर्थ इथे जोसेफ पॅक्स्टनने १८३६ ते १८४० या काळात प्रचंड काचगृह उभारलं. उष्ण कटिबंधातली झाडं जगवायला तळघरात आठ बॉयलर धडधडत. हाच पॅक्स्टन पुढे १८५१च्या क्रिस्टल पॅलेसचा कर्ता झाला. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं गारठून मेली आणि १९२०मध्ये ते काचगृह सुरुंग लावून पाडलं. इंधनावर उभी असलेली इमारत इंधनाबरोबरच गेली. आजही इंग्लंडचा कायदा काचेच्या खोलीकडे संशयाने पाहतो. तळमजल्यावरची, तीस चौरस मीटरच्या आतली खोली बांधकाम नियमांतून सुटते. पण घर आणि ती खोली यांच्यामध्ये बाहेरच्या दर्जाचं दार हवं आणि तिची उष्णता घराच्या हीटिंगपासून वेगळी हवी. मधलं दार काढून घरचे रेडिएटर तिकडे वाढवले, की सवलत गेली. तिकडच्या आपल्या अनेक मराठी घरांना हे बांधकाम झाल्यावर कळतं.

त्या नियमातलं मधलं दार मात्र आपण जरूर उचलावं. काचेच्या खोलीचं दार उघडं टाकलं, की सगळं घर त्या काचेचा भार वाहतं. मग दिवाणखान्यातला एसी दमतो आणि आपण मेकॅनिकला फोन लावतो.

आता ऊब. दुबई कर्कवृत्ताच्या थोडी उत्तरेला, साधारण पंचवीस अंशांवर आहे. म्हणून जूनच्या मध्यान्ही सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तर डिसेंबरच्या मध्यान्ही दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे बेचाळीस अंशांवरच. तुमची काच दक्षिणेला असेल, आठ फूट उंच असेल आणि तिच्या अगदी वर दोन फुटांचा छज्जा असेल, तर जूनच्या दुपारी पूर्ण काच सावलीत राहते. डिसेंबरमध्ये वरची पावणेदोन फुटांची पट्टी तेवढी झाकली जाते, बाकी ऊन आत येतं. हीटर नको, बिल नको. ज्यांची काच दक्षिणेला आहे त्यांनी हिवाळ्यात दिवसा पडदे उघडे ठेवावेत आणि सूर्य मावळताच ओढून घ्यावेत. त्यांचं व्याख्यान इथेच संपलं, ते चहाला गेले तरी चालेल.

पश्चिमेवाल्यांनी बसावं. संध्याकाळचं ऊन आडवं येतं, छज्जा त्याला अडवू शकत नाही. दहा चौरस मीटर साधी काच धरा. उन्हाळ्यात कलत्या उन्हाचा मारा चौरस मीटरला सहाशे वॉटच्या घरात धरला, तर सुमारे पाच किलोवॉट उष्णता एकट्या काचेतून आत येते. एसीचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट. हा टन बर्फाचा आहे : एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी. बोस्टनचा बर्फ जहाजात भरून मुंबईला येत असे, त्या काळाची ही आठवण आपण अजून एसीच्या खोक्यावर वाचतो. म्हणजे हिशेबाने दीड टनाचा एसी फक्त काचेसाठी. माणसं, भिंती, छत अजून धरलेलंच नाही.

विजेचा खर्च मात्र फार भीतिदायक नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. देवाच्या (दुबईच्या वीज आणि पाणी प्राधिकरणाच्या) पहिल्या टप्प्यात, म्हणजे महिन्याला दोन हजार युनिटपर्यंत, घरगुती दर तेवीस फिल्स, वर इंधन अधिभार. रोज तीन तास हा भार काढायला एसीला सहाएक युनिट लागतात, अधिभार सोडून महिन्याला चाळीसेक दिरहम. म्हणूनच काचेकडे कुणी लक्ष देत नाही. पण चार हजारांच्या पुढे दर बत्तीस फिल्स, सहा हजारांच्या पुढे अडतीस होतो. आणि पैशांपेक्षा मोठी अडचण अंगाची. एसी चोवीसवर असला तरी शेजारची तापलेली काच अंगावर उष्णता फेकत राहते. माणूस चोवीसचं वीस करतो, तरी उकडतंच.

म्हणून ऊन काचेच्या बाहेर अडवा. बाहेरून उभ्या पट्ट्या किंवा जाळीचा पडदा सर्वांत उत्तम, कारण उष्णता आत येतच नाही. आतून लावलेला पडदा नजरेला बरा, पण तोवर ऊन घरात शिरलेलं असतं. काचेवर चिकटवायची फिल्म या दोन्हींच्या मधली. दुहेरी काचेवर चुकीची गडद फिल्म लावली तर काच असमान तापून तडकू शकते. उत्पादकाला विचारल्याशिवाय लावू नये. कूलरचा विचार तर सोडूनच द्या. नागपुरात मे महिन्यात हवा कोरडी, म्हणून वाळ्याच्या ताट्या आणि कूलर जादू करतात. इथल्या ऑगस्टच्या दमट हवेत पाणी उडायलाच तयार नसतं. खोली फक्त ओली होते.

कायद्याचंही हेच म्हणणं आहे. दुबई महापालिकेची हरित बांधकाम नियमावली २०११पासून सरकारी आणि २०१४पासून सगळ्या नव्या इमारतींना लागू झाली. मूळ नियमावलीत खोलीचं तापमान साडेबावीस ते साडेपंचवीस अंशांत राखता येईल अशी यंत्रणा मागितली होती. बाहेरच्या भिंतीचा साठ टक्क्यांहून अधिक भाग काचेचा असेल, तर काचेचा छायांक पाव, म्हणजे साध्या पातळ काचेच्या तुलनेत चौथाई ऊन. वरचे पाच किलोवॉट मग सव्वाच्या आसपास येतात आणि लहानसा एसी पुरतो. बाल्कनी काचेने बंद करणं हा इमारतीतला बदल आहे. मालकाची संमती, व्यवस्थापनाचं ना-हरकत पत्र आणि पालिकेचा परवाना हे काचवाल्याला आगाऊ पैसे देण्याआधी. भाडेकरूंनी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांनी, सुटा पडदा आणि बंद दार यांवर भागवावं.

एसी घ्यायचा तर टी-३ वर्गाचा, सेहेचाळीस अंशांच्या बाहेरच्या हवेत तपासलेला. भारतातला आणू नका. तो सहसा पस्तीस अंशांच्या हिशेबाचा असतो. आणि उबेसाठी उलट्या चक्राचा, म्हणजे गरमही करणारा, मागा. तो एका युनिटमध्ये तीनेक युनिट ऊब देतो, फॅन हीटर एकच देतो. दुकानात बरेचसे एसी फक्त थंड करणारे असतात, म्हणून विचारूनच घ्या. ज्यांच्या इमारतीत एमिकूल कंपनीचं गार पाणी फिरतं, त्यांनी त्या नळाला परस्पर नवा फाटा काढू नये. तिथे मंजूर क्षमतेचंही शुल्क असतं, नुसत्या वापराचं नव्हे. अशा घरात जानेवारीच्या पाच-सहा गार पहाटांसाठी छोटा हीटर पुरेल, फक्त तो पडद्यापासून लांब ठेवा आणि एक्स्टेन्शन बोर्डला लावू नका. दोन हजार वॉटचा भार त्या पातळ वायरीला झेपत नाही.

आता प्रश्न. काच कोणत्या दिशेला आहे ते आधी सांगा.