ऊन लागलेला माणूस



वऱ्हाडात उन्हाची तक्रार कुणी फारशी करत नाही. एप्रिल लागला की कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या बसवायच्या, माठ भरायचे, कैऱ्या उकडून पन्हं करायचं, तोंडाला दुपट्टा बांधून बाहेर पडायचं आणि नवतपाचे नऊ दिवस कसेबसे काढायचे, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. अशा लोकांना ‘उन्हापासून सावध राहा’ हे कुणी सांगायचं, आणि कोणत्या शब्दांत? आज मी याच प्रश्नावर बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा एक माणूस आहे. पण एका उन्हाळ्यात या कामाला माझा हात लागला आणि माझ्याकडून एक चूक झाली. ती आधी सांगतो.

२०१७ चा मे महिना. आमच्या गावात रिक्षावर भोंगा लावून उष्णतेच्या लाटेबद्दल सूचना द्यायचं ठरलं. घोषवाक्यं लिहायला मला बोलावलं. यमक जुळवायला मला कितीसा वेळ लागणार? ‘ऊन कडक, पाणी प्या, डोक्यावरती रुमाल घ्या’ अशा चारपाच ओळी मी तासाभरात लिहून दिल्या. शेवटचं वाक्य कचेरीतून तयारच आलं होतं: ‘उष्माघाताची लक्षणे आढळल्यास नजीकच्या आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा.’ आवाजही माझाच मुद्रित केला. चार दिवस गावभर माझा आवाज फिरत होता आणि खरं सांगायचं तर मला ते आवडतही होतं.

एका दुपारी दोनच्या सुमारास मी बाजाराच्या रस्त्यानं घरी निघालो होतो. एका बंद दुकानाच्या ओट्यापाशी एक हमाल झोकांड्या खात उभा होता. डोळे तांबारलेले, शर्ट घामानं भिजलेला. तो काहीतरी बरळला, कुणावर तरी हात उगारल्यासारखं केलं आणि मटकन खाली बसला. मी मनात म्हटलं, भरदुपारी घेऊन आलाय. आणि पुढे गेलो. माझ्यासारखे आणखीही पाचपंचवीस जण गेले असतील. त्याच वेळी कोपऱ्यावरून रिक्षा गेली. भोंग्यात मी लोकांना पाणी प्यायला सांगत होतो.

तो माणूस त्या संध्याकाळी दवाखान्यात गेला. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. का गेलो, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. त्याची बायको एवढंच म्हणाली, ‘‘भाऊ, त्यायनं उभ्या जल्मात दारूले हात नाही लावला. लोकायनं दारुडा समजून पडू देल्लं.’’ त्या लोकांमध्ये मीही होतो, हे मी तिला सांगू शकलो नाही. आज रेडिओवरून सांगतो आहे.

नंतर मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते सोपं होतं. शरीराच्या आतली उष्णता ४० अंशांच्या वर गेली की मेंदूवर परिणाम होतो. माणूस भलतंसलतं बोलतो, चिडतो, अडखळतो, तोल जातो, फेफरं येतं, शुद्ध हरपते. म्हणजे दारू प्यायलेला माणूस दिसतो तसाच तो दिसतो. म्हाताऱ्या माणसाची कातडी कोरडी, तापलेली लागते. पण अंगमेहनत करणाऱ्याला घाम असतानाही हा झटका येतो. म्हणून ‘घाम आहे ना, मग काही नाही’ हेही खरं नव्हे. अशा वेळी त्याला सावलीत घ्यायचं, कपडे सैल करायचे, अंगावर साधं पाणी ओतत राहायचं आणि वारा घालायचा. मानेला, काखेत, जांघेत बर्फ मिळाला तर तो ठेवायचा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबवायचं नाही. इथे मिनिटांचा हिशेब असतो.

हे सगळं माझ्या घोषवाक्यांत कुठेच नव्हतं. ‘लक्षणे’ या एका शब्दात ते बांधून ठेवलेलं होतं आणि त्या शब्दाची गाठ कुणी सोडली नव्हती. मीसुद्धा नाही.

श्रोतेहो, हे काम नीट कसं होतं याचं उदाहरण फार लांबचं नाही. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असं पुढे अभ्यासातून दिसून आलं. तिथल्या महानगरपालिकेनं गांधीनगरची सार्वजनिक आरोग्य संस्था आणि इतर तज्ज्ञांना बरोबर घेतलं आणि २०१३ साली उष्णतेचा कृती आराखडा अमलात आणला. दक्षिण आशियातला तो पहिला. त्याआधी झोपडपट्ट्यांमधून, उघड्यावर काम करणाऱ्यांमधून फिरून लोकांना काय ठाऊक आहे, ते काय करतात, त्यांना काय करता येत नाही, हे विचारून घेतलं होतं. ४१ अंशांच्या पुढे पिवळी, ४३ च्या पुढे नारिंगी आणि ४५ ला लाल, अशा इशाऱ्याच्या पायऱ्या ठरवल्या. कोणत्या रंगाला कुणी काय करायचं, कुणी कुणाला फोन करायचा, हे आधीच लिहून ठेवलं.

मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिथल्या एका रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष सगळ्यात वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. तो खालच्या मजल्यावर आणला, आणि उन्हानं आजारी पडणाऱ्या बाळांची संख्या कमी झाली. पुढे २०१७ पासून गरिबांच्या घरांची छपरं पांढरी रंगवण्याचा कार्यक्रमही सुरू झाला. बाळंतिणीला ‘बाळाला उन्हापासून जपा’ असं सांगून काय होणार होतं? खाट छताखालीच असेल तर ती बिचारी जपणार तरी कशी? आधी खाट हलवावी लागते. सांगण्याचं काम आणि करण्याचं काम अशी जोडीनं चालली, तर सांगण्याला वजन येतं. २०१६ साली नागपूरनंही असा आराखडा केला, आणि आता देशातल्या अनेक शहरांकडे तो आहे. पण आराखडा कागदावरून गल्लीत उतरतो तो शब्दांतून. म्हणून मला शब्दांबद्दल बोलायचं आहे.

‘उष्माघात’ हा शब्द मी कुणाच्याही घरात ऐकलेला नाही. वऱ्हाडात ‘ऊन लागलं’ म्हणतात. आमच्या मोहल्ल्यात ‘लू लग गई’ म्हणतात. दोन्हीकडे क्रियापद एकच आहे. जशी ठेच लागते, दृष्ट लागते, भूक लागते, तसं ऊन लागतं. लागतं म्हणजे कुणालाही लागू शकतं, आणि वेळेवर उपाय केला तर उतरतं, हे त्या शब्दातच आहे. ‘उष्माघात’ म्हटलं की तो मोठ्या दवाखान्यातला आजार वाटतो, आपल्या शेजारच्या हमालाला झालेला वाटत नाही. पुढच्या वर्षी, २०१८ साली, मी पुन्हा लिहायला बसलो तेव्हा यमक बाजूला ठेवलं. एकच वाक्य लिहिलं: ‘उन्हात कुणी झोकांड्या खाताना दिसला, तर तो प्यायलेला आहे असं समजू नका. त्याला ऊन लागलं असेल. अंगावर पाणी ओता आणि १०८ ला फोन करा.’ कविता म्हणून त्यात काही नाही. पण पानठेल्यावरचा पोरगा ते न चुकता म्हणून दाखवायचा.

लोकांच्या समजुतींचंही तसंच. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असं आमच्याकडे मानतात. एका बैठकीत एक शिकलेले गृहस्थ याला हसले आणि समोरच्या बायका गप्प झाल्या. त्या पुढे तासभर बोलल्याच नाहीत. शेवटी एक आशाताई म्हणाली, ‘‘कांदा ठेवा ना बाई, पण संगं पाण्याची बाटली बी ठेवा.’’ बायका हसल्या आणि सभा पुन्हा सुरू झाली. त्या ताईकडून मी जे शिकलो ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

दुसरी गोष्ट, सांगणारा कोण. २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी रमजान भर मे महिन्यात आला. रोजा ठेवून हातगाडी ओढणाऱ्या माणसाला ‘भरपूर पाणी प्या’ हे कोणत्या तोंडानं सांगणार? इथे कराचीची आठवण होते. २०१५ च्या जूनमध्ये रमजानच्या सुरुवातीलाच तिथे पारा ४५ अंशांच्या जवळ गेला. वीज वारंवार जात होती. रोजाच्या वेळेत चारचौघांत खाण्यापिण्याला तिथे १९८१ पासून कायद्यानं मनाई आहे. त्या लाटेत १,२०० हून अधिक माणसं गेली. जिवाला धोका असेल तर रोजा सोडावा, असं धर्मपंडितांनी सांगितलं, पण तोवर मृत्यूंचं सत्र सुरू झालं होतं. २०१७ साली कराचीनंही आपला आराखडा तयार केला.

हे वाचलेलं असल्यानं मी आमच्या मशिदीच्या मौलानासाहेबांकडे आधीच गेलो. म्हटलं, माझं कोण ऐकणार? ते म्हणाले, ‘‘आजारी माणसाला आणि मुसाफिराला सवलत आहे, राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात, हे काय मी नव्यानं सांगणार आहे? पण ऐन उन्हाळ्यात सांगायला हवं, हे खरं.’’ त्यांनी जुम्म्याच्या बयानात ते सांगितलं. सहरीच्या वेळी भोंग्यावरून वेळ सांगतात, तिथेच ‘आता दोन ग्लास पाणी प्या, काम सकाळीच आटपा’ हेही सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या वस्तीत तेच काम राष्ट्रसंतांच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर दोन मिनिटांत होऊ लागलं. शब्द थोडे वेगळे, बात एकच. रिक्षाचा भोंगा रस्त्यावरून निघून जातो. ही माणसं रोज तिथेच असतात आणि त्यांना उलट प्रश्न विचारता येतो.

आता तिसरी गोष्ट, आणि ती सगळ्यात अवघड आहे. ‘दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका’ असं आम्ही सांगत होतो. बांधकामावरची एक बाई मला म्हणाली, ‘‘बारा ते चार घरी बसली तं मुकादम रोजी देईन का? तुमी त्याले काहून नाही सांगत?’’ मी निरुत्तर झालो. आमच्या सगळ्या सूचना मजुराला उद्देशून होत्या. मुकादमाला, ठेकेदाराला, अडत दुकानदाराला उद्देशून एकही नव्हती. कामाची वेळ सकाळी सहाला नेणं, दुपारची सुट्टी लांबवणं, सावलीला ताडपत्री बांधणं, पाण्याचा माठ जवळ ठेवणं ज्याच्या हातात आहे, त्यालाच ते सांगायला हवं. मजुराला नुसती भीती घालून त्याची मजुरी सुटत नाही. फक्त मनाला घोर लागतो.

आणि आकड्यावर विसंबून चालत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा भर दुपारपर्यंत उघड्या मैदानात झाला. उन्हामुळे १४ माणसं गेली. विदर्भाच्या मानानं पारा काही फार वर नव्हता. पण किनाऱ्यावर हवा दमट असते, घाम वाळत नाही आणि अंग निवत नाही. म्हणूनच हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागाला ४० अंश आणि किनारपट्टीला ३७ अंशांची अट लावतं. आमचं वऱ्हाडी शहाणपण कोकणात जसंच्या तसं चालणार नाही. प्रत्येक ठिकाणी तिथल्या माणसांत बसूनच सूचना तयार करावी लागते. टिनाच्या खोलीत रात्रभर एकटी तळमळणारी म्हातारी तर कुठल्याच बाजारात दिसत नाही. तिच्यापर्यंत भोंगा पोचतो, पण तिचं दार कुणीतरी ठोठावावं लागतं.

तेव्हा श्रोतेहो, पूर, विषारी वायू, दूषित पाणी, धूर, ऊन, संकट कोणतंही असो, लोकांसाठी सूचना लिहायला बसणाऱ्याला माझी एवढी विनंती आहे. लिहिण्याआधी ज्यांच्यावर ते बेतणार आहे त्यांना विचारा. त्यांच्या घरातला शब्द घ्या. ज्याचं ते ऐकतात त्याच्या तोंडी तो द्या. जे सांगाल ते करणं त्यांना शक्य आहे का, ते पाहा. नसेल तर ज्याच्या हातात आहे त्याला सांगा. आणि हे काम मे महिन्यात नाही, फेब्रुवारीतच सुरू करा. मग उन्हाळा सरल्यावर पुन्हा त्यांच्याकडे जा आणि विचारा, आमचं काय कळलं, काय नाही कळलं. हा शेवटचा भाग सहसा कुणी करत नाही, कारण तोवर पाऊस आलेला असतो.

मी अजून त्या रस्त्यानं जातो. तो ओटा तिथेच आहे. उन्हाळ्यात कुणी तिथे बसलेला दिसला की मी थांबतो, नाव विचारतो. बहुतेक वेळा तो नुसता विसावा घ्यायला बसलेला असतो आणि माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं पाहतो. एकदोनदा तो खरोखरच प्यायलेला निघाला. तरी त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं. त्यात माझं काय गेलं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)