हंडा भरला की बाजूला व्हा

१९९५च्या उन्हाळ्यात मी यवतमाळला टायपिंगची कामं करायचो. ४ एमबी रॅम, विंडोज ३.१. एका शेतकऱ्याचा अर्ज टाइप करतानाच दुसरीकडे छपाई लावली, अन् कॉम्प्युटर हँग! बटण बंद केलं, रॅममधला अर्ज गेला. सेव्ह केला नव्हता, चूक माझीच.

कारण नंतर कळलं. विंडोज ३.१मध्ये चालू प्रोग्रामनं आपणहून प्रोसेसर सोडला, तरच दुसऱ्याची पाळी यायची. नळावर हंडा भरूनही कोणी हललंच नाही, तर बाकीचे उभेच ना! विंडोज ९५मध्ये ३२-बिट प्रोग्रामांची पाळी सिस्टिमच बदलू लागली.

पण त्या दिवशी पुन्हा टाइप करेपर्यंत त्या शेतकऱ्याची शेवटची एसटी गेली. तेव्हापासून मी दर परिच्छेदाला सेव्ह करतो.