पाण्याखालची गावे आणि साठ वर्षांचा अभ्यास



व्यापारासाठी गाव सोडणे या समाजाला नवे नाही. मारवाडातून वा गुजरातेतून निघालेला माणूस महाराष्ट्रातील एखाद्या पेठेत पोहोचला, की बहुधा कोणी आप्त तेथे आधीच दुकान मांडून बसलेला असे. मागे गावचे घरही उभे असे. ते स्थलांतर. ज्याला जावेच लागते आणि ज्याच्या मागे गावच उरत नाही, त्याचे ते विस्थापन. या दोहोंतील अंतर आफ्रिकेतील एका धरणाने आणि दोन चिकाटीच्या अभ्यासकांनी जगापुढे मांडले.

आजच्या झांबिया व झिंबाब्वे या देशांच्या सीमेवर, झांबेझी नदीवर, करिबा धरणाची भिंत १९५९ मध्ये पूर्ण झाली. तांब्याच्या खाणींना वीज हवी होती. दोन्ही तीरांवरील टोंगा लोकांपैकी सुमारे ५७,००० जणांना उठावे लागले. एलिझाबेथ कोल्सन आणि थेयर स्कडर हे मानववंशशास्त्रज्ञ १९५६ मध्येच, म्हणजे गावे बुडण्यापूर्वी, तेथे पोहोचले होते. एरवी चौकशी होते ती माणसे उठल्यानंतर. आरंभीची शिल्लकच ठाऊक नसेल, तर तोटा काढायचा कसा? येथे ती शिल्लक आधी नोंदली गेली.

सप्टेंबर १९५८ मध्ये उत्तर तीरावरील एका गावाने जाण्यास नकार दिला. पोलिसांच्या गोळीबारात आठ जण मृत्युमुखी पडले. त्याच सुमारास वाढत्या पाण्यात अडकलेल्या वन्य प्राण्यांना वाचविण्याची ‘ऑपरेशन नोहा’ ही मोहीम सुरू झाली. पुढील काही वर्षांत सहा हजारांच्या आसपास प्राणी वाचले आणि तिची कीर्ती जगभर झाली. जीवदयेचे ते काम थोर होते, हे या सभेत सांगावयास नको. परंतु त्याच पाण्याने उठविलेल्या माणसांची वार्ता त्या मानाने फारच थोड्यांच्या कानी गेली, ही गोष्ट मनाला लागल्यावाचून राहत नाही.

नुकसान तरी कशाचे झाले? नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत स्त्रियांचे स्वतःचे मळे होते, हक्क आईकडच्या वंशातून चालत आलेला. नव्या जागी रान पुरुषांनी तोडले, म्हणून शेतही पुरुषांचे मानले गेले. पूर्वी होडीने सहज ओलांडता येणाऱ्या नदीचा अफाट जलाशय झाला आणि पैलतीरीचे सोयरे दुरावले. नुकसानभरपाईच्या कोणत्या रकान्यात हे लिहावयाचे?

याहून मोलाची गोष्ट पुढे घडली. जलाशयात मासेमारी वाढली, हाती पैसा आला, मुले शाळेत जाऊ लागली. दहा-पंधरा वर्षांनी कोणी पाहणी केली असती, तर ‘पुनर्वसन यशस्वी’ असाच शेरा मारला असता. पण हे अभ्यासक पुन्हा पुन्हा येत राहिले, म्हणूनच नंतरची उतरण त्यांना दिसली. एका वर्षाच्या ताळेबंदावरून पेढीची पत ठरविणारा फसतो, तशातलाच हा प्रकार.

महाराष्ट्रातही असा प्रयत्न झाला होता. कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी इरावती कर्वे व जाई निंबकर यांनी केली आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने ती १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा मात्र १९७६ मध्ये आला. तोवर कोयनेचे पाणी गावांवर चढून बराच काळ लोटला होता.

स्कडर यांनी पुढे जगातील ५० मोठ्या धरणांचा धांडोळा घेतला आणि २००५ मध्ये ग्रंथ लिहिला. विस्थापितांचे राहणीमान सुधारल्याची उदाहरणे त्यांना हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आढळली. तरीही नीट योजले तर माणसांचे भले करणारे धरण होऊ शकेल, ही आशा त्यांनी सोडली नव्हती. ती त्यांनी २०१४ च्या सुमारास, वयाच्या चौऱ्याऐंशीच्या घरात, सोडली. कोल्सन तर अखेरीस टोंगांच्याच मुलखात, झांबियातील मोंझे येथे घर करून राहिल्या. २०१६ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले.