तरवडीचा छापखाना
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



लहानपणी आमच्या वह्यांना सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं असायची. भूगोलाच्या वहीवर ट्रॅक्टरवरची हसरी बाई, गणिताच्या वहीवर गव्हाचं शेत. आतला मजकूर ज्यांनी वाचला असेल, त्यांनी हात वर करावा. (हशा) बघा, एकही नाही. तर गोष्ट त्या रशियापासूनच सुरू करू.

रशियात छापील वर्तमानपत्र सुरू झालं ते झार पीटरच्या हुकमानं. 1703 साली 'वेदोमोस्ती'चा अंक निघाला. क्रांतीनंतर, 1918 मध्ये, खास शेतकऱ्यांसाठी 'बेदनोता' नावाचं दैनिक निघालं. बेदनोता म्हणजे गोरगरीब, दीन. पण निघायचं कुठून? मॉस्कोहून!

त्याच्या आठ वर्षं आधी, 1910 साली, आपल्या नगर जिल्ह्यात सोमठाण्याहून मुकुंदराव पाटलांनी 'दीनमित्र' सुरू केला आणि पुढे तो नेवासे तालुक्यातल्या तरवडीला नेला. नाव जवळपास तेच. पत्ता मात्र खेड्याचा.

आपल्याकडे पत्रं शहराकडे पळतात, ही जुनीच खोड. 1842 साली नगरला मिशनऱ्यांनी काढलेला 'ज्ञानोदय' पुढे मुंबईला गेला. मुकुंदरावांचे जन्मदाते कृष्णराव भालेकर. त्यांनी 1877 साली पुण्यात काढलेला 'दीनबंधू' नारायण मेघाजी लोखंड्यांच्या हाती मुंबईत गेला. तिथे तो गिरणी कामगारांचा झाला, हे चांगलंच झालं. मुलानं मात्र उलटी वाट धरली.

आता तेव्हाचं गाव डोळ्यांसमोर आणा. गावात लिहिणारा माणूस बहुधा एकच, कुलकर्णी. त्याचं दप्तर मोडीत. हात न उचलता ओढलेली ती वळणदार अक्षरं कुणब्याला कशी लागणार? जमीन कोणाच्या नावावर, बाकी किती, हे सगळं त्या दप्तरात. त्यावर अंगठा उठवायचा नि घरी यायचं. आणि त्याच मुलखात एका खेड्यात कोणी शिशाचे उलटे खिळे एकेक वेचून ओळ जुळवतोय, शाई लावून कागद दाबतोय, आणि ओळ सुलटी उमटतेय. तीही बाळबोधात! चौथी शिकलेलं पोर पारावर उभं राहून वाचू शकेल अशी. मला यातली खरी क्रांती अग्रलेखापेक्षा त्या अक्षरात दिसते. कोणी मला चक्रम म्हणो.

मुकुंदरावांनी 1913 साली 'कुलकर्णी लीलामृत' लिहिलं, तेही पोथीसारखं ओवीबद्ध. पोथी ऐकायची सवय लोकांना होतीच. त्यांनी त्याच चालीवर दप्तरातल्या करामती ऐकवल्या. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुलकर्णी वतनं खालसा केली ती त्यानंतर पाच वर्षांनी, 1918 साली.

रशियातही खेड्यातले बातमीदार होते. ‘सेलकोर’ म्हणत त्यांना. ते गावातून लिहून पाठवत, आणि काय छापायचं ते शहरात ठरे. तरवडीत लिहिणारा, ठरवणारा आणि छापणारा एकाच धुळीत राहत होता. चुकीचं छापलं तर दुसऱ्या दिवशी विहिरीवर गाठ! मुंबईच्या संपादकाला ही धास्ती कुठली?

'बेदनोता' 1931 मध्ये बंद पडला. 'दीनमित्र' मुकुंदरावांनी 1967 साली देह ठेवीपर्यंत चालवला. मॉस्कोमागे सरकार होतं. तरवडीला साधं रेल्वे स्टेशनही नव्हतं. अंक जायचे ते टपालानं.