फिरते खुराडे

कोंबडे झाकून ठेवले म्हणून उजाडावयाचे राहत नाही, ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. ज्याने ते कोंबडे झाकले जाई, ते बुरुडाने विणलेले डालगे मात्र आता क्वचितच दृष्टीस पडते. डालगे अंगणात पालथे घालावे, आत कोंबडी राहावी, आणि जागा खराब झाली की ते उचलून हातभर पुढे ठेवावे. फिरत्या खुराड्याची सारी कल्पना या एका कृतीत सामावलेली आहे.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात जोएल सॅलटिन या शेतकऱ्याने मांसासाठी वाढवावयाच्या कोंबड्यांकरिता याच तत्त्वावर खुराडी बनविली. त्याचे खुराडे 12 फूट लांब, 10 फूट रुंद आणि अवघे 2 फूट उंच असे. त्यास तळ नसे. त्यात सुमारे 75 पक्षी मावत आणि रोज ते नव्या गवतावर ओढून नेले जाई. पक्ष्यांना ताजे गवत व किडे मिळतात, विष्ठा एका जागी साचत नाही, आणि जमिनीला खत मिळते, हा त्यातील लाभ होय. केवळ गवतावर हे पक्षी वाढतात असे मात्र कोणी समजू नये. मांसल जातीच्या पक्ष्याचे पोट मुख्यतः दाण्याच्या खाद्यावरच भरावे लागते.

भिलाईच्या आसपासच्या खेड्यांत ही पद्धत आणावयाची, तर ऋतूचा विचार आधी केला पाहिजे. मे महिन्यात तेथे पारा 42 अंशांच्या वर जातो. पक्ष्याला घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकून तो अंगातील उष्णता बाहेर टाकतो, आणि जड मांसल पक्षी त्यात सहज दगावतो. पावसाळ्यात कन्हार नावाची काळी जमीन चिखलाने भरते. ओल्या जमिनीत आतड्याचा रोग बळावतो. मग उरतो तो भातकापणीनंतरचा हिवाळा. भाताच्या ज्या बांधीत उतेरा पद्धतीने लाखोळी टाकलेली नाही, ती तेव्हा मोकळी असते, आणि सांडलेले दाणे व किडे तेथे आयतेच सापडतात. पिल्लांना पहिले तीन आठवडे घरातच ऊब द्यावी आणि पुढील तीन आठवडे बांधीत ठेवावे. 8 फूट लांब व 5 फूट रुंद खुराड्यात 25 पक्षी राहू शकतात. ते रोज एकदा हलविले, तर 21 दिवसांत पाऊण गुंठ्याहून किंचित अधिक जमीन खतावते.

येथवर सारे सोपे आहे. खरा प्रश्न रात्रीचा आहे. मोकळी गावरान कोंबडी संकट दिसताच झाडावर चढते. खुराड्यातील मांसल पक्ष्याला उडताही येत नाही आणि पळावयास वाटही नसते. रानमांजर अशा ठिकाणी शिरले, तर एकाच पक्ष्यावर थांबेल असा भरवसा नाही. जोवर काही फडफडते आहे तोवर ते मारीत सुटते. पाच-सहा आठवड्यांचे खाद्य व श्रम एका रात्रीत मातीला मिळतात. म्हणूनच कच्चे खुराडे हे खुराडे नसण्याहून वाईट. जो जिवाला कोंडतो, त्याने त्याच्या पळण्याचा हक्क काढून घेतलेला असतो. त्या बदल्यात रक्षण करणे हे त्याचे कर्तव्य ठरते.

बाजारात षट्कोनी छिद्रांची जी कोंबडीजाळी मिळते, ती कोंबड्यांना आत ठेवण्यापुरतीच आहे. कुत्रा ती दातांनी फाडतो. मांजर तिच्यातून पंजा घालते. चहूबाजूंस अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावावी. तिच्यातून घूस किंवा मोठा साप जात नाही. वरची बाजूही उघडी ठेवू नये, कारण घार दिवसा येते. निम्म्या छतावर भाताचा पेंढा घालावा. पत्रा दुपारी तापतो. दाराला नुसती कडी पुरत नाही, तीत खिळा अडकविलेला असावा.

तथापि सर्वांत दुबळी जागा म्हणजे खालची कड. फिरते खुराडे जमिनीत गाडता येत नाही, आणि बांधीची जमीन कोठेच सपाट नसते. यावर उपाय म्हणजे जाळीचा फूटभर रुंद घेर. तो कडेला कड्यांनी जोडावा, हलविताना वर दुमडावा आणि मग बाहेरच्या अंगास जमिनीवर पसरून त्यावर दगड ठेवावेत. उकरणारा प्राणी भिंतीच्या पायथ्याशीच उकरू लागतो; तेथे जाळी लागली की मागे सरून फूटभर अंतरावरून भुयार काढण्याची युक्ती त्याला सहसा सुचत नाही.

भिलाईत 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. रेल्वेचे रूळ घडविणाऱ्या या नगरात लोखंडाचा व वेल्डिंग करणाऱ्या कारागिरांचा तुटवडा नाही, आणि नेमका तोच येथील मोह आहे. जाड लोखंडी कोनपट्ट्यांचे खुराडे वाघालाही दाद देणार नाही. पण ते चौथ्या दिवशी कोणी हलविणार नाही. न हललेल्या खुराड्याखाली घाण साचते, आणि मुंगसाने न नेलेले पक्षी रोगाने जातात. सांगाडा बांबूचा किंवा बारीक नळीचा करावा. बळ जाळीत असावे. घरातील दोन माणसांना जे रोज कुरकुर न करता ओढता येईल, तेच योग्य वजन.

सारांश, हे खुराडे एकदा बांधून निर्धास्त होण्याची वस्तू नव्हे. रोज सकाळी ते जागा बदलते, म्हणून रोज नव्या खाचखळग्यांवर बसते. दिवेलागणीस कोणीतरी वाकून त्याच्या चारही कडांवरून हात फिरवावा आणि जेथे मूठ आत शिरते तेथे दगड सारावा. एवढे पाच मिनिटांचे काम ज्या घरी नित्य होते, तेथील पक्षी सकाळी मोजताना सहसा कमी भरत नाहीत.