सोयाबीनची पेंड

दिवाळीच्या सुमारास लातूरच्या अडत बाजारात गेले म्हणजे पिवळसर, वाटाण्याएवढ्या दाण्यांच्या राशी दृष्टीस पडतात. हे सोयाबीन. ज्वारी-तुरीच्या या मुलखात पन्नास वर्षांपूर्वी हे नावही फारसे कोणाच्या कानी नव्हते. आज या पिकात मध्य प्रदेशाबरोबर महाराष्ट्र अग्रभागी आहे. आपण त्याला तेलबी म्हणतो खरे. परंतु शंभर किलो दाण्यांतून तेल निघते ते अवघे १८ किलोंच्या आसपास. बाकीची बहुतेक पेंडच.

ही पेंड घाण्यावरच्या पेंडीसारखी नव्हे. कारखान्यात दाणे भरडून टरफले काढतात, वाफेने मऊ करतात व रुळांखाली पोह्यांसारखे चपटे करतात. मग या पोह्यांवर हेक्झेन नावाचा द्रव सोडतात. तो तेल विरघळवून घेतो आणि सुमारे ६९ अंशांवर उकळत असल्यामुळे, तापविताच तेल मागे ठेवून वाफेच्या रूपाने निघून जातो. थंड झाला की पुन्हा कामास हजर! पेंडही वाफेवर भाजावी लागते. कच्च्या दाण्यात प्रथिनांचे पचन अडविणारे द्रव्य असते, ते उष्णतेनेच निकामी होते. भाजणी कमी पडली तर कोंबडीचे पिलू वाढत नाही. अधिक झाली तर प्रथिनच बिघडते. चकलीची भाजणी करणाऱ्या गृहिणीस हे निराळे सांगावयास नको.

सुमारे ४५ टक्के प्रथिने असलेली ही पेंड मक्यात मिसळून मुख्यत्वे कोंबड्यांना घालतात. म्हणूनच शेतकऱ्याला मिळणारा भाव तेलापेक्षाही पेंडीच्या मागणीवर हेलकावतो. अलीकडे मक्यापासून इथेनॉल करताना उरणारा चोथा स्वस्त मिळू लागला, खाद्य बनविणारे तिकडे वळले, आणि त्याची झळ औसा-उदगीरच्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचली.

मग माणसाच्या ताटाचे काय? वर्ध्याच्या मगनवाडीत १९३५ साली गांधीजींनी आहारात सोयाबीनचा प्रयोग करून पाहिला व 'हरिजन'मधून त्याविषयी लिहिले. गरिबाला स्वस्त आणि सकस अन्न मिळावे, ही त्यामागील दृष्टी. परंतु हा दाणा तुरीच्या डाळीसारखा चटकन शिजत नाही आणि त्याला उग्र वासही असतो, त्यामुळे आपल्या स्वयंपाकघराने त्याला पाहुण्यासारखेच वागविले. श्रोतेहो, त्या वासाला उपाय आहे. निवडलेले दाणे थेट उकळत्या पाण्यात टाकून वीसेक मिनिटे उकळावेत, उन्हात खडखडीत वाळवावेत, आणि नऊ भाग गव्हास एक भाग या प्रमाणात दळणात घालावेत. पोळी नेहमीसारखीच होते.