होबी बेकर : खेळाडू आणि माणूस
(रौप्यमहोत्सवी क्रीडास्पर्धांच्या बक्षीस समारंभातील भाषण)



हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात आणि ते योग्यच आहे. मी मात्र आज बर्फावरच्या हॉकीतल्या एका कॉलेजकुमाराची गोष्ट सांगणार आहे. त्याचं नाव होबी बेकर. अमेरिकेत 1892 साली त्याचा जन्म झाला.

बर्फावरच्या हॉकीत चेंडू नसतो, रबराची चकती असते. पायात स्केट्स घालून वेगाने धावायचं आणि काठीने ती पुढे न्यायची. होबी शाळेत असताना रात्री अंधारात तळ्याच्या बर्फावर सराव करायचा. चकती दिसत नसली तरी काठीला ती जाणवली पाहिजे, हा हेतू. त्यामुळे सामन्यात त्याची नजर खाली नसे, समोर असे.

पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात तो हॉकीचा कप्तान झाला आणि अमेरिकन फुटबॉलचाही. प्रतिस्पर्धी त्याला धक्के मारत, पाडत. पण कॉलेजच्या सगळ्या हॉकी सामन्यांत पंचांनी त्याला एकदाच शिक्षा केली, असं त्याच्याबद्दल लिहिलेलं आहे. सामना संपला की हरो वा जिंको, तो समोरच्या संघाच्या खोलीत जाऊन त्यांचे आभार मानायचा.

1914 मध्ये पदवी घेतल्यावर तो न्यूयॉर्कला जे. पी. मॉर्गन यांच्या बँकेत लागला. म्हणजे आमच्याच जातकुळीतला! पण मन रमलं नाही हो त्याचं तिथे. संध्याकाळी तो सेंट निकोलस क्लबकडून खेळायचा. 'आज होबी बेकर खेळणार' अशी पाटी मैदानाबाहेर लागली, तेव्हा त्याने ती काढायला सांगितली. खेळ संघाचा आहे, एकट्याचा नाही, हे त्याचं म्हणणं. कॅनडातल्या माँट्रियलच्या व्यावसायिक संघाने पैसे देऊ केले, तेही त्याने नाकारले.

मग महायुद्ध आलं. तो फ्रान्समध्ये वैमानिक झाला, एका तुकडीचा प्रमुख झाला. युद्ध संपलं, घरी परतण्याचा हुकूमही आला. 21 डिसेंबर 1918 रोजी निघण्यापूर्वी दुरुस्त झालेलं एक विमान तपासायला तो आकाशात गेला. इंजिन बंद पडलं, विमान कोसळलं. वय अवघं 26.

1923 साली प्रिन्स्टनमध्ये त्याच्या नावाचं हॉकीचं क्रीडागृह उभं राहिलं. 1945 मध्ये हॉकीच्या मानकऱ्यांची पहिली यादी झाली, त्यात तो एकटाच अमेरिकन होता. आणि 1981 पासून दरवर्षी अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज हॉकीपटूला 'होबी बेकर पुरस्कार' देतात. तो देताना नुसते गोल मोजत नाहीत, मुलाचं वागणं आणि अभ्यासही बघतात. होबीने किती गोल केले, हे आज फारसं कुणाला सांगता येणार नाही. तो कसा खेळला, हे मात्र शंभर वर्षांनंतरही सांगितलं जातं.

मघाशी आपल्या क्रिकेटच्या अंतिम सामन्यात बाद की नाबाद यावरून जो आवाज झाला, तो पाचव्या मजल्यापर्यंत ऐकू आला. त्यात मुलांपेक्षा पालकांचे आवाज जास्त होते! म्हणून कमिटीला एक विनंती. पुढच्या वर्षीपासून सर्वात खिलाडूवृत्तीने खेळणाऱ्या मुलाला किंवा मुलीला एक वेगळा चषक द्यावा. तो कुणाला द्यायचा, हे हरलेल्या संघाने ठरवावं. चषकाचा खर्च माझ्याकडे लागला.